मीटिंग कोणती, किती वाजताची?

प्रश्न : परळला चाळीत राहतो. घाटकोपरला कामाला आहे, सातला सुटतो आणि पहिला पेग स्टेशनबाहेरच्या परमिट रूममध्येच होतो. मागच्या महिन्यात मन घट्ट करून घराजवळच्या म्युनिसिपल शाळेत एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला गेलो. रात्री नऊची होती. दारात पाय ठेवला तर समोर आमच्याच मजल्यावरचा माणूस! तसाच मागे फिरलो. आता चाळभर होईल का?

उत्तर : अहो, तो काय तिथे सत्यनारायणाच्या प्रसादाला आला होता? तुम्हाला बघून त्याच्याही पोटात गोळा आला असेल. तिथे आडनाव विचारत नाहीत आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा संकेत सगळे पाळतात, कारण प्रत्येकाचीच झाकली मूठ असते. तरी जीव धजावत नसेल तर दुसरीकडे जा, त्यात कमीपणा नाही.

मात्र तुमच्या पत्रात मला शेजाऱ्यापेक्षा घड्याळ खटकलं. सातला सुटणाऱ्या माणसाला नऊची मीटिंग काय कामाची? तोवर क्वार्टर पोटात गेलेली असते. पहिल्या पेगची जी वेळ, त्या वेळेची मीटिंग शोधा. घाटकोपर, कुर्ला, दादर, तुमच्याच लाइनीवर बघा. एएच्या हेल्पलाइनला फोन करून वार, वेळ आणि भाषा विचारून घ्या. लांबची, गाडी बदलून जायची मीटिंग पहिल्या मोठ्या पावसात सुटते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आणि एका मीटिंगवरून मत बनवू नका. कुठे सगळे साठीच्या पुढचे, कुठे इंग्रजीच जास्त, कुठे अस्सल गिरणगावी मराठी. चार-पाच ठिकाणी बसून बघा. खुल्या मीटिंगला कुणीही बसू शकतं, अगदी माझ्यासारखा समुपदेशकही. बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, वाटलं तर टाकायचे, आणि बाहेरच्यांची देणगी ते घेतच नाहीत. अशाच एका खुल्या मीटिंगला मी तिसरीच्या मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो होतो. फळ्यावर हातच्याची वजाबाकी तशीच होती. दारू सोडून चौथा दिवस असलेला एक जण भिंतीला टेकून होता, हात थरथरत होते. चहा वाटणाऱ्याने सगळ्यांना ग्लास भरून दिला, त्याला मात्र अर्धाच. तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्या अर्ध्या ग्लासाची जाण ज्या खोलीत आहे, ती मीटिंग तुमची.

प्रश्न : रोज दोन क्वार्टर लागतात. सकाळी हात कापतात म्हणून उठल्यावरही घोटभर घेतो. सोमवारपासून एकदम बंद करून थेट मीटिंगला जाणार आहे. बरोबर ना?

उत्तर : सोमवारी आधी डॉक्टर, मग मीटिंग. इतकी सवय असलेल्या शरीराची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, दरदरून घाम असं सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. किती पिता ते खरं सांगा, अर्धं करून सांगू नका. औषधाचा डोस त्यावर ठरतो. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

प्रश्न : मिस्टर मीटिंगचं नाव काढलं की ताट भिरकावतात. लोकलच्या डब्यात ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचली. ती पावडर आमटीत घालू का?

उत्तर : नका घालू. पुडीत काय आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. त्यात डायसल्फिरॅम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वरून ते प्यायले, तर उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली. हे औषध डॉक्टरही पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

ते जात नाहीत ना? मग तुम्ही जा. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, १९५१ पासूनची वेगळी संघटना, मुंबईतही तिच्या मीटिंग भरतात. नवऱ्याला कसं सुधारायचं हे तिथे कुणी शिकवणार नाही, आधीच सांगतो. पण साहेबांना ‘ह्यांना ताप आहे’ असा फोन करायचं काम तुमचं नाही, हे तिथल्याच एखादीच्या तोंडून ऐकाल. माझ्यापेक्षा तिचं जास्त पटेल.

प्रश्न : वय ३४, अंधेरीत एकटी राहते, एकटीच पिते. गेले त्या खोलीत मी सोडून सगळे पुरुष. शिवाय शेवटी प्रार्थना! मी देव मानत नाही.

उत्तर : फक्त बायकांच्या मीटिंगही होतात, ऑनलाइनही असतात, सुरुवात तिथून करा. एकटीने पिणारीला घरातून स्क्रीनवर बसणं सोपं वाटतं, पण महिन्याभरात एकदा तरी प्रत्यक्ष जा.

देवाचं म्हणाल तर १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के दारुडे, यांनी एए सुरू केलं, तेव्हापासून हा वाद चालूच आहे. दारू सोडण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांत देव आहे खरा, पण ‘आम्हाला तो जसा समजला तसा’ अशी सवलत तिथेच लिहून ठेवलीय. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभ्या राहा. आणि बोलायची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकते’ म्हणा, लगेच पुढच्याकडे वळतात.