जर्मनीत शेजारच्या आजींनी चर्चमधल्या 'एर्न्टेडांक'ला बोलावलंय. आम्ही हिंदू, जावं का? काय न्यावं?

नक्की जा, धर्म आड येत नाही. बोलावणं मनापासूनचंच असतं. सहा वर्षं बव्हेरियातल्या एका खेड्यात राहून दरवर्षी जातेय, त्यावरून सांगते. एर्न्टेडांक म्हणजे पीक घरात आल्याबद्दल देवाचे आभार. बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरचा पहिला रविवार असतो, पण गावागणिक तारीख बदलते, म्हणून चर्चबाहेरचा फलक बघा. वेदीसमोर भोपळे, बटाटे, सफरचंदं, द्राक्षं आणि मोठा गोल पाव मांडतात. वर गहू, राय, जव, ओट यांच्या लोंब्यांचा मुकुट टांगलेला असतो. जवळ जाऊन बघा, लोंब्यांच्या छोट्या छोट्या जुड्या घट्ट बांधलेल्या असतात. कोकणात दाराला भाताच्या लोंब्यांचं 'नवं' बांधतात, त्याचीच आठवण येते.

नेण्यासाठी:
– बाल्कनीतले टोमॅटो, फळं किंवा घरचा मुरंबा. प्रार्थनेच्या आधी, शक्यतो आदल्या दिवशीच द्या, कारण मांडणी तेव्हाच होते. हे अन्न पुढे बऱ्याचदा गरजूंना जातं.
– दानाच्या पिशवीसाठी एक-दोन युरो सुटे.

एकच सांभाळा: प्रार्थनेत पाव-द्राक्षारसाचा प्रसाद देतात, तो ख्रिस्ती लोकांसाठीच असतो. रांगेत न जाता बाकावर बसून राहा, कुणालाही वावगं वाटत नाही. सगळे उठले की उठा, एवढं पुरे. नंतर अंगणात सूप किंवा केक असेल तर मात्र थांबा, गावाशी खरी ओळख तिथेच होते.