वाचकांचे प्रश्न: जीपीएस असताना एडीएफची सुई कशाला शिकायची?

प्रश्न: सर, मी सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) करतेय, नेव्हिगेशनचा पेपर तोंडावर आलाय. आमच्या ट्रेनिंगच्या विमानात जीपीएस आहे, स्क्रीनवर सगळं दिसतं, तरी एनडीबी आणि व्हीओआर ही दिशा दाखवणारी जमिनीवरची जुनी रेडिओ स्टेशनं घोटून घेतात. मला वाटतं एडीएफची, म्हणजे विमानातल्या एनडीबी पकडणाऱ्या रिसीव्हरची, सुई स्टेशनकडे दाखवते तर नाक सुईवर धरून जायचं, संपला विषय, पण इन्स्ट्रक्टर म्हणतात हे चूक आहे. का चूक? आणि पुढे हे खरंच लागतं का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: आधी सुईचं बघू, कारण बहुतेक पोरंपोरी तिथेच अडकतात. समज स्टेशन बरोबर पूर्वेला आहे, तू ९० नॉटने चाललीयेस आणि उत्तरेकडून म्हणजे तुझ्या डाव्या हाताने १० नॉटचा वारा आहे. तू सुई शून्यावर धरून निघालीस, वारा तुला उजवीकडे ढकलतोय म्हणून सुई हळूच डावीकडे सरकते, तू नाक वळवून ती परत शून्यावर आणतेस, परत सरकते, परत आणतेस, असं करत तू स्टेशनवर पोचतेस हे खरं पण सरळ रेषेत नाही, दक्षिणेकडे फुगलेल्या वाटेने, आणि शेवटी शेवटी तर नाक जवळजवळ वाऱ्यातच असतं. याला होमिंग म्हणतात. सपाट मुलखात, उघड्या हवेत चालून जातं. पण ढगात असशील आणि खाली सह्याद्री असेल तर ती फुगलेली वाट ज्या डोंगरावरून जाते तो तू नकाशावर बघितलेलाच नसतो, कारण तू रेघ सरळ मारली होतीस.

म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे वाऱ्याचा हिशेब धरून सरळ रेघेवरच राहायचं. या वाऱ्याला साधारण ६ अंश ड्रिफ्ट होतो, म्हणजे विमान तेवढं बाजूला सरकतं, तर नाक आधीच ६ अंश डावीकडे घे, हेडिंग (नाकाची दिशा) ०८४. आता सुई नाकाच्या ६ अंश उजवीकडे दिसेल आणि तिथेच थांबून राहिली तर तू ०९० च्या ट्रॅकवर आहेस. सुई शून्यावर यायची गरजच नाही, ती एका जागी थांबली पाहिजे! पेपरातलं गणितही हेच, मॅग्नेटिक हेडिंग अधिक रिलेटिव्ह बेअरिंग (नाकापासून सुईचा कोन) म्हणजे क्यूडीएम, स्टेशनकडे जायची दिशा, ०८४ अधिक ००६ बरोबर ०९०. सुई उजवीकडे सरकायला लागली तर करेक्शन जास्त झालं, डावीकडे गेली तर कमी पडलं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. एडीएफला सिग्नल गेल्याचं सांगणारा फ्लॅग नसतो. स्टेशन बंद पडलं तरी सुई कुठेतरी दाखवत राहते आणि बघणाऱ्याला ती ठीकच वाटते. म्हणून आयडेंट, म्हणजे स्टेशनची मॉर्समधली ओळख, ऐकायचा, आणि एनडीबीवर उडताना तो कमी आवाजात कानात चालूच ठेवायचा, बंद करून टाकायचा नाही. एप्रिल-मे मध्ये वळवाचे ढग उठले की सुई स्टेशन सोडून विजेकडे वळते हे तुला बघायला मिळेल, म्हणजे जिकडे अजिबात जायचं नाही नेमकं तिकडेच बोट दाखवते. सूर्य मावळताना आणि उगवताना आयनोस्फिअरवरून परत आलेल्या लहरींमुळे ती भटकते, किनाऱ्यावर लहर तिरपी होते, वळणात विमान कललं की सुई चुकते, ती डिप एरर, म्हणून बेअरिंग पंख सरळ असतानाच वाचायचं. एनडीबी साध्या मीडियम वेव्हच्या आसपासच चालतो, त्यामुळे ज्या एडीएफची रेंज तेवढी वर जाते त्यावर आकाशवाणीसुद्धा लागते, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागायची आणि सुई टॉवरकडे वळायची. सुई कशी वागते ते बघायला हा प्रकार छान, पण त्यावर नेव्हिगेशन नको, मॉर्स आयडेंट नसतो तिथे.

व्हीओआर बराच सभ्य आहे. व्हीएचएफवर असल्याने विजेचा त्रास कमी, सिग्नल गेला की फ्लॅग येतो, आणि डायलवरच्या एका ठिपक्याला २ अंश, म्हणजे स्टेशनपासून ३० नॉटिकल मैलांवर एक ठिपका बाजूला असशील तर तू एक मैल बाजूला आहेस. क्रम मात्र सोडू नकोस, फ्रिक्वेन्सी लाव, आयडेंट ऐक, मग सुई मध्यावर आण. मुंबईच्या व्हीओआरचा आयडेंट बीबीबी, डॅश-डॉट-डॉट-डॉट तीनदा, तो ऐकू आला तरच ती मुंबई. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेव. व्हीओआरला तुझं नाक कुठे आहे ते कळत नाही, त्यामुळे ओबीएसवर (कोर्स निवडायच्या नॉबवर) उलटा कोर्स लावलास तर सुई उलट सांगते आणि तू तिच्यामागे लांब लांब जात राहतेस. आणि स्टेशन आणि विमान यांच्यात सरळ रेघ मोकळी लागते, म्हणून रेंज १,००० फुटांवर साधारण ३९ नॉटिकल मैल, ४,००० फुटांवर ७८, तेही मध्ये डोंगर नसेल तर.

पुढे लागतं का? लागतं गं, आणि आता पूर्वीपेक्षा जास्त लागेल असं माझं मत आहे. जीपीएसचे उपग्रह २०,००० किलोमीटर वर, सिग्नल इथे पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की जमिनीवरचा छोटा ट्रान्समीटर तो दाबून टाकू शकतो किंवा खोटा सिग्नल देऊन तुला भलतीच जागा दाखवू शकतो. २०२४ मध्ये फिनएअरला एस्टोनियातल्या टार्टूची विमानं महिनाभर बंद ठेवावी लागली कारण तिथे उतरायची पद्धत जीपीएसवरच होती. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीजवळ स्पूफिंग, म्हणजे असाच खोटा सिग्नल देणं, झालं, सरकारने संसदेत ते मान्य केलं आणि जमिनीवरची जुनी साधनं व्यवस्थित चालू होती हेही सांगितलं. अमेरिकेत बरेच व्हीओआर बंद करतायत पण सगळे नाही, मुद्दाम एक जाळं राखून ठेवलंय की जीपीएस गेला तरी १०० नॉटिकल मैलांच्या आत उतरायला एखादा एअरपोर्ट मिळावा. एनडीबी मात्र जगभर कमी होत चाललेत, तुझ्या करिअरमध्ये क्वचितच भेटतील, तरी वाऱ्यात सुई वाचायची सवय आरएमआयवर (कंपासच्या तबकडीवर स्टेशनची सुई दाखवणाऱ्या उपकरणावर) व्हीओआर लावलास तरी तशीच उपयोगी पडते.

इन्स्ट्रक्टरला विचारून एक कर. पुढच्या क्रॉसकंट्रीला जीपीएसची स्क्रीन झाकून ठेव, दोन व्हीओआरचे रेडियल (स्टेशनपासून बाहेर जाणाऱ्या दिशा-रेघा) घेऊन नकाशावर फुली मार, वेळ लिही, आणि मगच स्क्रीन उघडून बघ. दोन रेडियल ९० अंशांच्या आसपास कापतील असे निवड, अगदी लहान कोनात कापले तर फुली कुठेही सरकते. आणि पेपरात रेडियल विचारला की तो स्टेशनपासून बाहेर मोजायचा, ०९० च्या ट्रॅकने स्टेशनकडे येतेयस म्हणजे तू २७० रेडियलवर आहेस, हा मार्क सोडू नकोस.