घटस्फोट झाला तरी बँकेच्या लेखी तुम्ही दोघंच

वेगळं व्हायचं ठरवून सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारी माणसं मुलांचा ताबा, पोटगी आणि दागिने या तीन विषयांवर घरून तयारी करून येतात. कर्जाचा विषय मात्र तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतो, तोही एखादा हप्ता बाऊन्स झाल्यावर. मग सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो: "कर्ज दोघांच्या नावावर आहे, आता ते कुणी फेडायचं?"

मेघना आणि सचिन (नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) यांचं प्रकरण सांगते. त्यात जवळजवळ सगळ्या प्रकारची देणी होती.

दोघंही चाकणच्या कंपन्यांत नोकरीला. ती अकाउंट्समध्ये, तो प्रॉडक्शनला सुपरवायझर. 2018 साली मोशीत टू बीएचके घेतला, 32 लाखांचं गृहकर्ज काढलं, वीस वर्षांची मुदत, हप्ता 27,800 च्या आसपास. फ्लॅट दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या नावावर. सहा वर्षांनी मेघना माहेरी निघून गेली. का गेली, हा इथला विषय नाही. परस्परसंमतीनं वेगळं व्हायचं, यावर दोघांचंही एकमत होतं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा निश्चिंत वाटली. "मॅडम, तो कोर्टात लिहून द्यायला तयार आहे, पुढचे सगळे हप्ते मीच भरेन म्हणून. म्हणजे माझं नाव सुटलं ना?"

नाही सुटत. हे ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला, पण हे लवकर ऐकलेलं बरं. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 43 असं सांगतं, की दोघांनी मिळून देणं मान्य केलं असेल तर घेणेकरी दोघांपैकी कुणाही एकाकडून सगळं वसूल करू शकतो. नवराबायकोंनी न्यायालयात संमतीच्या अटी लिहून दिल्या, त्यावर न्यायाधीशांनी हुकूमनामा केला, तरी बँक त्यात पक्षकार नसते. सचिननं हप्ते थकवले तर मेघना त्या अटींच्या आधारे सचिनच्या मागे लागू शकते, पण बँक तोपर्यंत मेघनाच्या मागे लागलेली असते. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं थकीत, म्हणजे एनपीए, होतं. त्यानंतर सरफेसी कायद्याखालची (तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस दोघांच्याही पत्त्यावर येते. सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालातला डाग तर त्याआधीच, पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून, दोघांच्याही नावापुढे लागतो.

पुढच्या भेटीला सचिनही आला. दोघांची वाक्यं जवळपास सारखीच निघाली. तो म्हणाला, "ही माहेरी निवांत बसलीय, मी एकट्यानं का भरू?" ती म्हणाली, "मी त्या घरात राहतच नाही, मी का भरू?" दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं आणि त्या बरोबरपणात दोन हप्ते चुकले होते. हप्ता न भरणं ही समोरच्याला दिलेली शिक्षा आहे, असं माणसाला त्या वेळी मनापासून वाटतं. मी फक्त दोघांचे सिबिल अहवाल शेजारी शेजारी ठेवले. दोघांच्या अहवालांत त्याच दोन महिन्यांवर थकबाकीची नोंद होती.

चूक कुणाची, यावरून कर्जाची वाटणी मी होऊ देत नाही. ते एकदा सुरू झालं की थांबत नाही. त्याऐवजी प्रत्येक देण्यापुढे चार गोष्टी लिहायला सांगते: कागदावर कुणाचं नाव आहे, सही कुणाची, पैसा कुठे गेला आणि आज ती वस्तू कोण वापरतंय. गृहकर्जाच्या बाबतीत चौथी गोष्ट कामी आली. मोशीत तसा फ्लॅट भाड्यानं घ्यायचा तर तेव्हा 16,000 रुपये लागले असते. सचिन तिथे राहत होता, म्हणून हप्त्यातले 16,000 त्याचे. उरलेले 11,800 निम्मे निम्मे. म्हणजे तो 21,900 आणि ती 5,900. फ्लॅटचं काय करायचं ते ठरेपर्यंतची ही तात्पुरती सोय. मेघनाला एकच सांगितलं, की पैसे सचिनच्या हातात किंवा त्याच्या खात्यात द्यायचे नाहीत, थेट कर्जखात्यात भरायचे. पुढे कुणी विचारलं तर दाखवायला तोच पुरावा.

मग बँकेकडून उतारा मागवला. सहा वर्षांत मिळून वीस लाखांच्या आसपास भरले होते आणि मुद्दल अजून 27 लाख बाकी होतं. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजात जातो हे अकाउंट्समधल्या मेघनालाही ठाऊक होतं, पण स्वतःच्या नावापुढचा आकडा पाहून ती गप्प झाली. सचिन म्हणाला, "म्हणजे आपण काय फेडलं?" त्या भेटीत तो "आपण" म्हणाला तो तेवढाच.

दोघांनी आपापले अहवाल मागवले होते. वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो वेगळं होताना प्रत्येकानं काढावा असं माझं मत आहे. सचिनच्या अहवालात एक सोनेतारण कर्ज दिसलं. मेघनाला त्याबद्दल थोडं ठाऊक होतं, सगळं नाही. फ्लॅटच्या डाउन पेमेंटला पैसे कमी पडले तेव्हा तिच्या आईनं तिला घातलेल्या चार पाटल्या आणि तोडे गहाण ठेवले होते. तारण पावती सचिनच्या नावावर. दरवर्षी व्याज भरून तेच कर्ज पुढे ढकललं जात होतं. फायनान्स कंपनीच्या लेखी ते दागिने सचिनचे, त्यामुळे मेघना एकटी जाऊन सोडवू शकत नव्हती, आणि लिलावाची नोटीस निघाली असती तर तीही त्याच्याच पत्त्यावर गेली असती. स्त्रीधनावर बाईचा एकटीचा हक्क असतो हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच स्पष्ट केलं आहे. पण तो हक्क नवऱ्याविरुद्ध मागायचा असतो. तारण ठेवून घेणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर तो चालत नाही. तिथे पावती आणि पैसे लागतात.

आणखी एक देणं कुठल्याच अहवालात नव्हतं. मेघनाच्या भावानं 2018 ला तीन लाख हातउसने दिले होते, चिठ्ठीचपाटी काही नाही. "दादा कधी मागणार नाही," असं ती म्हणायची. मागणार नाही हे खरं, पण विसरणारही नाही. उसनवारीच्या वसुलीची मुदत साधारण तीन वर्षांची, ती केव्हाच उलटली होती. अशा मुदतबाह्य देण्याबद्दल देणेकऱ्यानं नव्यानं लेखी वचन दिलं तर ते कायद्यानं चालतं. सचिननं तसं लिहून दिलं. तो म्हणाला, "दादाचे पैसे बुडवायला मी काय..." आणि वाक्य तसंच सोडलं.

क्रेडिट कार्डाचं लवकर आटोपलं. मूळ कार्ड सचिनचं, मेघनाकडे अॅड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरचं जोडकार्ड. अॅड-ऑनवरचा खर्चही मूळ कार्डधारकाच्या गळ्यात पडतो. तिनं कार्ड कापून त्याचा फोटो त्याला पाठवला, त्यानं ते बंद करून घेतलं.

फ्लॅट सचिनकडे राहावा हे ठरायला वेळ लागला नाही. मेघनाला त्या घरात परत जायचं नव्हतं आणि विकायला सचिनची आई तयार नव्हती. खरी अडचण कागदांची. मेघनाला बँकेनं मोकळं केल्याशिवाय फ्लॅटवरचा हक्क सोडायचा नव्हता, आणि फ्लॅट सचिनच्या एकट्याच्या नावावर झाल्याशिवाय बँक तिला मोकळं करत नव्हती. त्यात सचिनच्या एकट्याच्या पगारावर 27 लाख बसत नव्हते. सहकर्जदाराचं नाव काढणं म्हणजे बँकेच्या दृष्टीनं नव्यानं कर्ज देण्यासारखंच. पगार, इतर हप्ते, सिबिल, सगळं पुन्हा तपासतात. ते दोन चुकलेले हप्ते इथे आडवे आले. शेवटी सचिनचा धाकटा भाऊ सहकर्जदार व्हायला तयार झाला. बँकेनं आधी सशर्त मंजुरीपत्र दिलं, त्या आधारावर दुय्यम निबंधकांकडे मेघनाच्या हिश्श्याच्या बक्षीसपत्राचा दस्त नोंदवला आणि लगेच नवा कर्जकरार झाला. आधीची बँक तयार नसती तर दुसरीकडे कर्ज नेता आलं असतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.

हे सगळं अंतिम हुकूम होण्याआधी केलं, आणि मी सगळ्यांना हेच सांगते. महाराष्ट्रात राहती जागा नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. नोंदणी आणि स्थानिक अधिभार वेगळे. घटस्फोट झाल्यावर ते नातं उरत नाही आणि शुल्क बाजारभावाच्या टक्केवारीवर जातं, म्हणजे लाखांत. बक्षीसपत्रात मोबदला लिहिता येत नाही. मेघनाला मिळायची रक्कम संमतीच्या अटींत एकरकमी पोटगी म्हणून स्वतंत्र आली, सोनं सोडवून देणंही त्यातच. ती शब्दरचना वकिलांचीच असावी, इंटरनेटवरचा नमुना उतरवून काढू नये.

मधल्या काळात एक गोष्ट मला सारखी जाणवत होती. दर महिन्याच्या पाच तारखेला सचिनचा मेसेज यायचा, "हप्त्याचं बघ." मेघना ताबडतोब उत्तर द्यायची, मग त्यावरून वाद, मग दोन दिवस अबोला. खात्यातून आपोआप कपात लावून घ्या म्हटलं तर दोघांनीही ते टाळलं. कर्ज हे त्यांच्यातलं शेवटचं बोलणं होतं. अशी बरीच माणसं मी पाहते, ज्यांना कर्ज मिटवायचं असतं आणि मिटवायचं नसतंही. अशा वेळी व्याजदरावर बोलून उपयोग नसतो. मी दोघांना वेगवेगळं बोलावून, हप्ता सोडून एकमेकांना काय सांगायचं राहिलंय ते बोलायला लावलं. त्यानंतरच्या महिन्यात कपात सुरू झाली.

दागिने सुटले, भावाचे पैसे दोन टप्प्यांत परत गेले. नाव कमी केल्याचं पत्र बँकेनं दिलं तरी मेघनानं काही आठवड्यांनी सिबिल पुन्हा तपासलं, तर तिचं नाव अजून तिथेच होतं. पत्र जोडून तक्रार केल्यावर निघालं.

सगळ्यांचं असं जुळून येत नाही. सध्या एका शिक्षिकेचं प्रकरण माझ्याकडे आहे. नवऱ्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला ती जामीनदार आहे. तो गाव सोडून गेला, आणि संस्थेनं वसुली दाखला (थकलेली रक्कम वसूल करायचा अधिकृत आदेश) मिळवून तिच्या पगारातून कपात लावली. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि "आम्ही आता वेगळे राहतो" या अर्जानं ती संपत नाही. संस्थेला दुसरा जामीनदार मान्य असेल तरच नाव बदलतं. पण जामीनदारानं जे भरलं ते कर्जदाराकडून मागण्याचा हक्क तिला आहे. म्हणून कपात दिसणारी प्रत्येक पगारपत्रिका ती जपून ठेवते, आणि पोटगीच्या अर्जाला वकिलांनी त्या सगळ्या जोडल्या आहेत. नवऱ्याला समन्स अजून लागलेलं नाही.