नव्वद दिवसांचे पैसे आधी भरू नका

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका ताईंनी लिहिलं आहे. मालक, म्हणजे त्यांचा नवरा, एक्केचाळीस वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर, हातात पगार २४,०००. ताई घरगुती डबे देतात, त्यातून १०,००० सुटतात. मुलगी अकरावी सायन्सला. दारू बारा वर्षांची. गणपतीत घरात मोठा तमाशा झाला आणि त्यानंतर मालक स्वतःहूनच म्हणाले, "मला कुठंतरी ठेवा." दिरांनी एक खाजगी व्यसनमुक्ती केंद्र शोधलं आहे. नव्वद दिवस, महिन्याला ३५,००० आणि वर परत न मिळणारं १५,००० डिपॉझिट, असे १,२०,००० आधी भरायचे. मुलीच्या फीसाठी ठेवलेली २,६०,००० ची एफडी चौदा महिन्यांनी संपते. ती मोडू, सासूबाईंनी दिलेला साज (गळ्यातला दागिना) गहाण ठेवू की भिशी बोली लावून उचलू, असं ताई विचारतात.

ताई, तिन्ही नको. पण उपचार मात्र याच आठवड्यात सुरू करा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली एक पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूच्या पुरतं आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं. तुमचे मालक स्वतः "ठेवा" म्हणतात. पैशाची जुळवाजुळव करण्यात पंधरा दिवस गेले, तर तोवर त्यांचं मन फिरेल.

आधी १,२०,००० हा आकडा तपासू. खरा खर्च त्याहून जास्त आहे. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे घरखर्च १८,०००, भिशी ५,०००, पतसंस्थेचा हप्ता ३,५००. मालक आत असताना पगार बंद. तुमचे डब्याचे १०,००० वजा केले तरी दर महिन्याला १६,५०० कमी पडणार. तीन महिन्यांचे होतात ४९,५००. म्हणजे एफडीतले १,७०,००० जवळपास गेले, हातात राहिले नव्वद हजार. आणि हा सगळा पैसा व्यसनमुक्तीच्या सगळ्यात सोप्या भागावर खर्च झाला. आत असताना दारू मिळतच नाही हो! कसोटी लागते बाहेर आल्यावर, पहिल्या पगाराला, पहिल्या लग्नाच्या वरातीत. त्या वर्षासाठी पैसा ठेवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट कायद्याची, पण थेट तुमच्या खिशाशी जोडलेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक आजारही येतात. जो माणूस स्वतःच्या इच्छेने दाखल होतो, त्याला स्वतःच्या मागणीवर बाहेर पडता येतं. डॉक्टरांना तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येतं. मग विसाव्या दिवशी मालक "मला घरी न्या" म्हणाले, तर उरलेल्या सत्तर दिवसांच्या पैशाचं काय? हे केंद्राला लेखी विचारा. आमच्याच नात्यात एकांनी गुंठाभर जमीन विकून अशी एकरकमी फी भरली होती. दाखल केलेले पाहुणे बाराव्या दिवशी घरी. परत एक रुपया आला नाही, आणि वर भावकीत जमिनीवरून भांडण, ते आजही मिटलेलं नाही. तेव्हापासून मी महिन्याच्या महिन्याला पैसे घेणाऱ्या ठिकाणालाच हो म्हणतो. शिवाय कायद्याखालची नोंदणी, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, पक्की पावती मिळते का, हेही विचारा. साखळीने बांधून ठेवणं कायद्याने बंद आहे. ते दिसलं तर फी किती हे विचारायच्या आधी परत फिरा.

सुरुवात सीपीआरपासून, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयापासून करा. सरकारी रुग्णालय आहे, मानसोपचार विभाग आहे, केसपेपरचा खर्च किरकोळ. गर्दी असते, अर्धा दिवस मोडतो, डबे त्या दिवशी जावेला करायला सांगा. "घरातच बंद करू, पैसे वाचतील" हा विचार मात्र अजिबात नको. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. हे पहिले सात-दहा दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच जायला हवेत. आणि जेवणात गुपचूप मिसळायच्या पावडरीच्या जाहिराती दिसतात ना, त्यावर एक पैसाही घालवू नका. दारू सोडवणारं डायसल्फिरामसारखं औषध माणसाला न सांगता दिलं आणि वर त्याने दारू घेतली, तर दवाखान्याचं बिल वेगळंच येईल.

त्यानंतर भरती लागेल असं डॉक्टर म्हणाले, तर एखाद्या ट्रस्टच्या केंद्रात चौकशी करा. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणचा मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा असतो. नव्वद दिवस हा काही ठरलेला डोस नाही. कुठे जागा आहे हे १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येतं, फोनला पैसे पडत नाहीत. तुम्हाला स्वतःला रात्री झोप येत नाही असं लिहिलंय, त्यासाठी १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. तिथे बोला. हा खर्चाचा भाग नाही, पण डबे तुमच्या हातावर चालतात.

आता पैसा कुठून. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तशी उचल करा. बँका साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत देतात, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. जेवढं वापराल तेवढ्यावरच व्याज. मोडली तर दंडही बसतो आणि उरलेले पैसे बचत खात्यात उघडे पडतात. उघड्या पैशाला तुमच्या घरात पाय फुटतात, हे तुम्हीच लिहिलंय.

त्यातून उपचाराला ४०,००० पर्यंत, पाच आठवड्यांच्या घरखर्चाच्या तुटीला २०,००० आणि २२,००० तुम्ही लिहिलेल्या, महिना शेकडा तीन रुपयांनी सावकाराकडून घेतलेल्या हातउसन्याला. हो, ते आधी मिटवा. त्याला महिन्याला ६६० रुपये व्याज जातं, ओव्हरड्राफ्टवर तेवढ्याच रकमेला नऊ टक्क्यांनी १६५ जाईल. सावकार दारात आला की माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो, हे व्याजाच्या हिशेबात येत नाही. पतसंस्थेचं ८०,००० चं कर्ज मात्र चालू द्या. एकूण उचल झाली ८२,०००.

आणखी ५०,००० ची मर्यादा न वापरता राखून ठेवा, दुसऱ्या वेळेसाठी. हे वाचून वाईट वाटेल, पण लिहिणं भाग आहे. व्यसन सोडलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात, रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांचंही साधारण असंच होतं. घसरले तर पहिले पैसे वाया गेले असं समजू नका. मात्र दुसऱ्या वेळी साज काढायची पाळी येऊ नये म्हणून ही तरतूद आज करायची.

भिशी बोली लावून उचलू नका. वीस जणांची, ५,००० ची, तुमचे अकरा हप्ते गेलेत. आता उचलली तर बोलीत हजारो सोडाल आणि पगार बंद असताना हप्ते तसेच डोक्यावर राहतील. पुढच्या नऊ महिन्यांत नंबर लागेलच. ते लाख आले की त्याच दिवशी ओव्हरड्राफ्टमध्ये भरा. एफडी मुलीच्या फीच्या आधी मोकळी होते.

मेडिक्लेमवर भरवसा ठेवू नका. कायदा मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या म्हणतो, पण पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींत बाराव्या क्रमांकाला दारू, अमली पदार्थ आणि त्यांचे परिणाम असं छापलेलं असतं. अर्ज जरूर करा, नकार लेखी घ्या, पण हिशेबात शून्य धरा.

घरी आल्यावरचा हिशेब मालकांसमोर बसून करा, त्यांच्या मागे नको. रोजची क्वार्टर दीडशे रुपयांची धरली तर महिन्याला साडेचार हजार. त्यातले २,००० डॉक्टर, औषधं आणि जाण्यायेण्याला. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या सभांना फी नसते. उरलेले २,५०० पगाराच्या दिवशीच आरडीत, नाहीतर ते दिसणारही नाहीत. पगाराचं खातं दोघांच्या सहीचं करून घ्या. मालकांच्या फोनमधलं यूपीआय पहिले सहा महिने एका छोट्या, वेगळ्या खात्याला जोडा, आठवड्याला पाचशे टाका. हातात काहीच नाही असं केलंत तर ते उसने घेतील. आणि पतसंस्थेत तुम्ही नव्याने कुणाला जामीन राहू नका, दिरांनाही नाही.

सासूबाईंचा साज गुजरीत सराफांकडे नेऊ नका, वजन करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. लॉकर लगेच मिळाला नाही तर माहेरी आईकडे द्या, वजनाची चिठ्ठी मात्र तुमच्या डब्यांच्या वहीत राहू दे.