मोलेच्या जंगलात चार दिवस: तंबू कुठे लावायचा, चालायचं कुठे

तुमचा बेत असा दिसतोय: पुण्याहून स्वतःची गाडी, तुम्ही दोघं आणि नऊ-बारा वर्षांची दोन मुलं, डिसेंबरचे चार दिवस, डिकीत तंबू. यादीत गोव्यातली सहा ठिकाणं: मोलेचं जंगल, दूधसागर धबधबा, तांबडी सुर्लाचं देऊळ, आणि म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं. मी गोव्यातल्याच फोंड्याचा. गेली वीसेक वर्षं दर हिवाळ्यात या जंगलात जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तंबूचं बोलू, कारण सगळा बेत त्याच्यावर उभा आहे. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून साधारण २४० चौरस किलोमीटर जंगल आहे, त्यातलं १०७ राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही आणि आग पेटवणं हा गुन्हा आहे. ‘नदीकाठी कोण बघतंय, लावा बिनधास्त’ असं सांगणारे तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका. संध्याकाळनंतर गवे आणि सांबर पाण्यावर येतात ते त्याच सपाट, वाळूच्या काठांवरून. तिथे तंबू लावणं म्हणजे त्यांच्या पाणवठ्याची वाट अडवणं. रस्त्याकडेला चूल मांडायचा विचार असेल तर तोही सोडा. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्याला गोव्यात २०१९ पासून दंड आहे.

तरीही तंबू घेऊन याच. साकोर्डा, बोळकर्णे आणि तांबडी सुर्लाच्या वाटेवर उद्यानाच्या हद्दीबाहेर लोकांची कुळागरं आहेत. पोफळी, माड, मिरीचे वेल, केळी आणि मधून खळखळणारं पाटाचं पाणी. काही घरं पाहुणे ठेवतात आणि विचारलंत तर अंगणात किंवा कडेच्या मोकळ्या जागेत तंबू लावू देतात. जेवण घरचं, न्हाणीघर घरचं, आणि रात्री दोनशे पावलांवर जंगल. फक्त तंबू पोफळीखाली लावू नका. वाळलेली झावळ आपल्या दांड्यासकट सुटून येते. एकदा आमच्या तंबूवर पहाटे तीनला अशी एक आली, खांब मोडला आणि माझ्या भाच्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडली. तेव्हापासून मी आधी मान वर करून बघतो, मग पेग ठोकतो. डिसेंबरात दव इतकं पडतं की सकाळी बाहेरचं कापड पिळून काढावं लागतं, म्हणून जाड चादरी आणि मुलांना कानटोप्या आणा. गोव्यात थंडी कसली, असं समजून येणारे सगळे पहिल्या रात्री कुडकुडतात.

आता यादी. सहा ठिकाणं आणि चार दिवस हे जमणार नाही, म्हणजे गाडीत बसून जमेल, पण चालणं होणार नाही. म्हादई अभयारण्य उत्तरेला सत्तरी तालुक्यात, खोतीगाव पार दक्षिणेला काणकोण तालुक्यात. ही दोन्ही टोकं या खेपेला काढून टाका. सगळ्या रात्री मोलेच्या आसपास एकाच जागी राहा आणि एक दिवस नेत्रावळीला द्या. रोज तंबू काढून नवीन जागी लावण्यात मुलांची सकाळ जाते, आणि या जंगलात जे काही दिसायचं ते सकाळीच दिसतं. साडेपाच-सहाला, अजून धूसर असताना, ओढ्याकडून माणसाने शीळ घालावी तसा आवाज येतो. एखादा पोरगा नुकतीच शीळ शिकतोय आणि सूर शोधतोय असं वाटतं. तो शीळकरी कस्तूर नावाचा पक्षी. तो ऐकण्यासाठी जवळ झोपायचं. नऊ वाजता गाडीतून उतरणाऱ्याला तो ऐकू येत नाही.

बेळगावहून येताना चोर्ला घाटाने उतरायचं की अनमोड घाटाने, असं विचारलंत. तुम्हाला अनमोडच, तो घाट थेट मोलेला उतरतो. मात्र पावसाळ्यात या घाटाला दरवर्षी काही ना काही होतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी रस्त्याची चौकशी करा आणि घाट उजेडातच उतरा.

पहिली सकाळ तांबडी सुर्लाला ठेवा. महादेवाचं देऊळ कदंब राजांच्या काळचं, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं. गोव्याची बाकीची देवळं तुम्ही पाहिली असतील, रंगीत, घुमटांची, दीपमाळांची. हे त्यातलं नाही. लहान, काळं, रगाडो नदीच्या काठी डोंगराच्या कुशीत बसलेलं. मंडपातला नंदी बिनडोक्याचा आहे. मुलांना खांबांवरचं कोरीवकाम बोटाने दाखवा, आणि हात लावायचा नाही हेही सांगा. देवळामागून जंगलात धबधब्याकडे वाट जाते. तिथे परवानगी आणि गावातला वाटाड्या घेऊनच जा. वाट ओढा ओलांडत ओलांडत जाते आणि प्रत्येक ओलांडणीला दोन-तीन फसव्या पायवाटा फुटतात.

वाटाड्याचं मी एवढं का सांगतो ते ऐका. एका ऑक्टोबरात आम्ही पाच जण अशाच एका ओढ्यात खडकावर डबे उघडून बसलो होतो. डोक्यावर निळं आभाळ. आमच्याबरोबरचा गावकरी जेवता जेवता थांबला आणि पाण्याकडे बघत राहिला. मला काहीच दिसलं नाही. मग दिसलं: पाण्यावरून सुकी पानं येत होती, आधी एक-दोन, मग झुबकेच्या झुबके, आणि तळाचे गोटे दिसेनासे झाले होते. ‘उदक वाडलां, भायर सरात,’ म्हणजे पाणी वाढलंय, बाहेर निघा, तो एवढंच म्हणाला. डबे तसेच टाकून आम्ही काठावर चढलो. वर घाटमाथ्यावर कुठेतरी पाऊस झाला होता. थोड्याच वेळात आम्ही बसलो होतो तो खडक पाण्याखाली गेला आणि एक डबा वाहून गेला. डिसेंबरात हे सहसा होत नाही, पण अवकाळी पाऊस हल्ली कधीही येतो. मुलांना ही खूण शिकवून ठेवा: पाण्यावर पानं आली आणि पाण्याचा रंग बदलला की काही न उचलता बाहेर.

दूधसागर दुसऱ्या दिवशी, आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून. दूधसागरच्या जीप कुळे गावातून सुटतात आणि नाताळच्या आठवड्यात तिथे रांगा लागतात, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येता आलं तर उत्तम. आपली गाडी कुळेला ठेवायची आणि तिथल्या जीपने जायचं. वाटेत जीप नदीच्या प्रवाहातून पलीकडे जाते, मुलांना तेच जास्त आवडेल. शेवटचा टप्पा खडकांवरून पायी आहे. लाइफ जॅकेट मिळतं, ते धबधब्याखाली बसल्यावरही काढून ठेवू नका. धबधबा ३१० मीटरचा, चार टप्प्यांचा, आणि मधून रेल्वेचा पूल. रुळांवरून चालत जाणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. रेल्वेने त्याला बंदी घातलेली आहे आणि ती योग्य आहे. बोगद्यात बाजूला उभं राहायला फारशी जागा नसते आणि वळणापलीकडून आलेली गाडी ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. याच रुळांच्या दुपदरीकरणाविरुद्ध गोव्यातली तरुण मुलं २०२० मध्ये रात्री-रात्री रस्त्यावर उतरली होती, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. पुलाखाली उभे राहाल तेव्हा मुलांना हेही सांगा. त्यांना ते समजतं.

तिसरा दिवस नेत्रावळी. कुळे, सावर्डे, सांगे, रिवण असं जायचं. वाटेत साळावली धरणाचा गोल सांडवा बघता येईल. सावरीचा धबधबा मुलांना झेपेल, मैनापीची वाट लांब आहे, ती सोडा. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा. धबधब्यांवर अधूनमधून बंदी येते, तशी असेल तर वाद न घालता परत फिरा. गोपीनाथाच्या देवळाजवळच्या बुडबुड्यांच्या तळीवर बसा. तळातून बुडबुडे वर येत राहतात आणि पायऱ्यांवर पाय सोडले की छोटे मासे गुदगुल्या करतात. माझी पुतणी तिथून तासभर हलली नव्हती.

जळवांची भीती डिसेंबरात फारशी नाही, गोचिडांची आहे. सत्तरीत माकडतापाच्या साथी येऊन गेल्या आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा, पानांच्या पाचोळ्यावर बसू नका, आणि संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ करताना मुलांचे कान, मान, काखा नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परत गेल्यावर आठ-दहा दिवसांत कुणाला ताप आलाच, तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आठवणीने सांगा.

पेट्रोल वाटेतच भरून ठेवा आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, घाटात आणि सुर्लाकडे रेंज जाते. कचऱ्याची पिशवी गाडीतच बांधून ठेवा, अगदी केळ्याचं सालही त्यातच. माकडांना एकदा गाडीतून खायला मिळालं की ती रस्त्यावर बसायला लागतात आणि गाड्यांखाली चिरडली जातात.

चौथ्या दिवशी अनमोडने परत चढताना सकाळी लवकर निघालात तर वळणावर गवा उभा असण्याची बरीच शक्यता आहे. काळं-तपकिरी धूड आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. गाडी लांबच थांबवा, हॉर्न वाजवू नका, प्रखर दिवे मारू नका, काच खाली करू नका आणि फोटो काढायला कुणी उतरू नका. तो रस्ता ओलांडून गेला तरी लगेच निघू नका. बहुतेक वेळा झाडीत मागे आणखी एक असतो, आणि पाडस असलंच तर ते सगळ्यांत शेवटी येतं.