पिल्लू नकोसं झालंय, पण घरात सांगू कसं?

"मॅडम, कुत्रा नकोसा झालाय. मी इतकी वाईट आहे का हो?"

करोनानंतरच्या वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो आहे. विचारणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते. ती आलेली असते झोपेच्या तक्रारीसाठी, चिडचिडीसाठी, नवऱ्याशी धरलेल्या अबोल्यासाठी. कुत्र्याचा विषय निघतो तो पर्स उचलता उचलता, "अजून एक होतं, किरकोळच आहे" असं म्हणत. निघताना सांगितलेलं किरकोळ कधीच नसतं, हे समुपदेशनाच्या व्यवसायात फार लवकर कळतं.

एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट. आई सहकारी बँकेत, वडील आयटीत, मुलगा सहावीत. मुलाने कुत्र्यासाठी दोन वर्षं धोशा लावला होता. शेवटी त्याच्या वाढदिवसाला, जूनच्या सुरुवातीला, लॅब्रडॉरचं पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू घरी आलं. नाव चिकू.

डॉक्टरांनी बजावलं होतं, लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर जमिनीवर सोडायचं नाही. त्यात पावसाळा. म्हणजे शी-शू सगळी घरात. वर्तमानपत्रं, फिनेल, न वाळलेली फडकी आणि रात्री दोन वाजता कुईं कुईं. आई हॉलमध्ये गादी टाकून चिकूजवळ झोपत होती.

"मुलाच्या वेळी पण सहा महिने झोप नव्हती," त्या मला म्हणाल्या, "पण तेव्हा निदान माहेरी होते."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "परवा मी मुद्दाम दार उघडं ठेवलं. वाटलं, जाऊ दे कुठे जायचा तो. तर उंबऱ्याशी येऊन बसला आणि माझ्याकडेच बघत राहिला." आणि रडायला लागल्या.

हे घरात कोणाला सांगितलंय का, विचारलं. नाही. नवऱ्याने एवढे पैसे घातले, मुलाचा जीव आहे त्याच्यावर, मी बोलले तर मीच खलनायिका.

मी पुढच्या वेळी तिघांना बोलावलं. माझं शिक्षण ज्या विचारात झालं आहे, तिथे एका माणसाचा त्रास हा एकट्या त्या माणसाचा धरत नाहीत. सगळं घर समोर बसल्याशिवाय मला पुरतं दिसत नाही. काही सहकाऱ्यांना हे जुन्या वळणाचं वाटतं. वाटू दे.

तिघे बसले. कामं कोण करतं, चूक कोणाची, यातलं काहीच मी विचारलं नाही. फक्त म्हटलं, "समजा उद्या सकाळी चिकू घरात नाही. तो सुखात आहे, चांगल्या ठिकाणी आहे, पण तुमच्याकडे नाही. तुमची सकाळ कशी असेल?"

वडील पटकन म्हणाले, "साडेसातपर्यंत झोपेन." आणि ओशाळून हसले. मग फोन काढून त्यांनी बायकोपुढे धरला. मुळशीकडे शेतघर असलेल्या एका सहकाऱ्याला त्यांनी विचारलं होतं, पिल्लू ठेवून घेशील का. तो 'हो, पाठव' म्हणाला होता. त्यालाही तीन आठवडे होऊन गेले होते.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इतकं करतेस त्याचं. जमिनीवर झोपतेस. तुला काय वाटेल?"

"मी तुम्हा दोघांसाठी झोपतेय!"

मग दोघांनी एकदम मुलाकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. त्याने पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला होता. पावसाळी गारव्यामुळे असेल, असं आईला इतके दिवस वाटत होतं. त्याने उजवी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ओरखडे, काही सुकलेले, काही ताजे, आणि एका जागी दोन लाल ठिपके.

"मला भीती वाटते त्याची," तो म्हणाला. "पण मीच मागितला होता ना."

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही नाही. अशा वेळी समुपदेशकाला बोलायची फार उबळ येते, ती आवरता येणं हे माझ्या मते या कामातलं निम्मं कौशल्य आहे. पहिल्यांदा हसू फुटलं ते आईला. रडता रडता हसू. "म्हणजे कोणालाच नकोय तो?"

मला तेव्हा जे दिसलं ते त्यानंतर मी अनेक घरांत ओळखलं. या तिघांचं चिकूवर प्रेम नव्हतं असं नाही. पण त्या घरात 'मला झेपत नाही' म्हणण्याची सोयच नव्हती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मनात काय असेल ते स्वतःच ठरवून त्याचं ओझं वाहत होता. पुढच्या भेटींत कळलं की मुलगा दोन वर्षं अ‍ॅबॅकसच्या क्लासलाही असाच जात होता. त्याला तो आवडत नव्हता आणि वडिलांना फी जड जात होती. मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी म्हटलं होतं की दोघांमधला ताण सोसेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. ते माणसांबद्दल बोलत होते. चार पायांचा तिसराही चालतो, एवढी भर माझी.

पण त्या दिवशी सिद्धान्तापेक्षा तातडीचं काही होतं. चिकू जेमतेम साडेतीन महिन्यांचा, आणि पावसापायी त्याची रेबीजची लस लांबली होती. ही लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. मी सत्र तिथेच थांबवून त्यांना मुलाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे सगळ्याच पालकांसाठी सांगते: पिल्लू घरचं असो, गोड असो, दातांनी किंवा नखांनी रक्त आलं किंवा नुसता ओरखडा जरी उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. त्यावर हळद, तिखट, चुना काहीही लावायचं नाही. आणि मूल असं काही लपवत असेल, तर ते रागावणाऱ्यांना घाबरून लपवतंय की लाडक्या हट्टाची लाज वाटून, हे शोधा. दुसरं जास्त वेळा निघतं.

आता चावण्याबद्दल. पिल्लांचे दुधाचे दात सुईसारखे असतात आणि किती जोरात धरलं की लागतं हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. म्हणून आठ आठवड्यांआधी त्याला आईपासून तोडू नये. केंद्र सरकारच्या २०१७च्या नियमांनुसार त्याआधी विकताही येत नाही. तरी पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू सर्रास हातात ठेवतात. चौथ्या महिन्यापासून हे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. शिवाय या वयाचं पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपतं, आणि या घरातला मुलगा शाळेतून आला की झोपलेल्या चिकूला उठवून खेळायला घ्यायचा. अर्धवट झोपेतलं पिल्लू चावतंच. उठवणं बंद केलं, दात लागला की हात थांबवून उठून जायचं ठरलं, चघळायला पिळा मारून फ्रीजरमध्ये गार केलेलं फडकं दिलं. महिन्याभरात बाह्या वर गेल्या.

कामांचा तक्ता फ्रीजवर लावायला मी कधी सांगत नाही. तक्त्याकडे लक्ष कोणी द्यायचं हे कामही शेवटी आईकडेच जातं. मी सांगते की एक काम एकाने पूर्ण घ्यायचं, आठवण ठेवण्यासकट. रात्रीचं शेवटचं आणि पहाटेचं पहिलं फिरवणं वडिलांकडे गेलं. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते शू धरू शकतं. हा हिशेब त्यांना आवडला, त्यांनी फोनवर गजर लावले. आईने महिनाभर फडक्याला हात लावायचा नाही. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं. "तो पुसतो, पण कोपऱ्यात राहतं," ही तक्रार मी बरेच दिवस ऐकली. राहू दे, म्हटलं.

आणि मुळशीचा निरोप? मी म्हटलं, तो पर्याय खुला ठेवा, दिवाळीपर्यंत कोणी काही ठरवू नका. देता येईल हे कळल्यावर द्यायची घाई राहिली नाही. हे मी पुष्कळदा पाहिलंय.

दिवाळीत फटाक्यांना घाबरून चिकू पलंगाखाली गेला, तेव्हा खिडक्या लावून, पंखा-टीव्ही चालू करून तिथे जमिनीवर झोपला तो मुलगा. मग सगळं छान चाललं आणि चिकूच्या नवव्या महिन्यात वडील एकटेच आले, वैतागून. लॅपटॉपचा चार्जर खल्लास, हाक मारली तर ढिम्म बघत नाही. मी त्यांना सांगितलं, हे वयात येणं आहे, लॅब्रडॉरमध्ये दीड-दोन वर्षांपर्यंत चालतं. त्याला शिकवलेलं पुसलं गेलेलं नाही, तेच शब्द, तोच हात, पुन्हा पहिल्यापासून. पिल्लू परत द्यायचा विचार याच दोन वेळी बळावतो, पहिल्या दोन महिन्यांत आणि इथे. त्यांनी मुळशीच्या मित्राला त्याच आठवड्यात 'नको' कळवलं होतं, हे मला जाता जाता सांगितलं.

सगळ्याच घरांत असं होत नाही. दुसऱ्या एका घरात आजारी सासूबाई, तान्हं बाळ आणि पिल्लू एकत्र आलं होतं. त्यांनी द्यायचं ठरवलं आणि ते योग्यच होतं. तुम्हालाही द्यायचं असेल तर ओळखीचं, कुत्र्याची सवय असलेलं घर बघा. लसींचं पुस्तक, रोजचं खाणं, त्याचं पांघरूण सोबत द्या. सोसायटीच्या गेटबाहेर सोडून येऊ नका, घरात वाढलेलं पिल्लू रस्त्यावर टिकत नाही. आणि मुलांना 'पळून गेला' अशी थाप मारू नका. निर्णय कोणी घेतला आणि का, ते तुमच्याच तोंडून सांगा, त्यांना रागावू द्या, आणि शक्य असेल तर महिन्याभराने त्याला भेटवून आणा.