आईच्या महिन्याच्या मिस्साला काय बोलू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी वसईची. गेल्या महिन्यात आई गेली. आमची केळीची आणि मोगऱ्याची वाडी, आई पहाटे कळ्या खुडून दादरला पाठवायची आणि तशीच ओल्या पदराने चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला (प्रार्थनाविधीला), पाऊस असो की ताप असो. संध्याकाळी माळेची प्रार्थना, रोझरी म्हणजे रोझरी, टीव्ही बंद, डुलकी लागली की चिमटा. आता महिना झाल्याची मिस्सा आहे. भावाला मोठा फ्लेक्स लावायचाय, पाच-सहा जणांची भाषणं ठेवायचीत, फादर म्हणाले की उपदेशात गुणगान नको, कम्युनियननंतर (पवित्र भाकर घेऊन झाल्यावर) घरातल्या एकानेच थोडं बोला, त्यावरून भाऊ रुसलाय. बोलायचं माझ्यावर आलंय आणि कागद घेतला की 'प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक' याच्यापुढे गाडी जात नाही. त्यात बांधाच्या भांडणावरून आई काकूशी कित्येक वर्षं बोलत नव्हती, आणि शेवटच्या आजारपणात काकूच तिला पेज भरवायची. हे बोलू की झाकू? बाबा गप्पच असतात. माझा मुलगा आजीचं नाव निघालं की रडतो म्हणून आम्ही नावच काढत नाही.

उत्तर : ताई, आधी फादरांचं सांगते, ते बरोबर बोलले. रोमन मिस्साग्रंथाच्या सूचनांमध्ये 382 व्या कलमात लिहिलंय की अंत्यविधीच्या मिस्सात छोटा उपदेश असावा पण मृताची स्तुती नको, आणि महिन्याच्या मिस्सालाही तोच भाव ठेवतात. यात तुमच्या आईचा मान कुठे कमी होत नाही हो. मिस्सात आपण तिच्यासाठी देवाकडे मागायला बसतो, आणि ती आधीच संत झाली असं माइकवर जाहीर केलं तर मग मागायचं काय आणि कशाला? आपल्या माणसासाठी प्रार्थना मागणं हे प्रेमच आहे, भावाला हे शांतपणे सांगा.

आणि त्याला संत मोनिकाची गोष्ट सांगा. तीही कुणाची बायको, आई आणि आजी होती. 387 साली रोमजवळच्या ओस्तियात ती आजारी पडली, तेव्हा तिच्या एका मुलाला वाटत होतं की आईला परक्या मुलखात नको, आपल्या देशात मरण यावं. ती म्हणाली, हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण काढा. दुसरा मुलगा संत ऑगस्टीन, त्याने 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या नवव्या भागात हे लिहून ठेवलंय. आणि मला त्यातली सगळ्यात आवडती जागा म्हणजे, एवढा थोर माणूस पण आईबद्दल लिहिताना काही झाकत नाही. लहानपणी पिंपातून वाईन काढायला पाठवलं की ती चोरून घोट घ्यायची, हळूहळू पेलाभर प्यायला लागली, शेवटी घरातल्या दासीने दारुडी म्हणून हिणवलं तेव्हा सुटली, हे सगळं तो सांगतो, आणि मग देवाला म्हणतो की तिच्या पापांची क्षमा कर, आणि वाचणाऱ्यांनाही सांगतो की माझ्या आईवडिलांची वेदीपाशी आठवण ठेवा.

म्हणून कागदावर ते तीन शब्द नकोतच. चिमटा लिहा. ओला पदर लिहा. वाडीतून थेट मिस्साला आल्यावर हाताला मोगऱ्याचा वास असणारच, तो तुम्हाला आठवत असेल तर तोही लिहा. दोन-तीन मिनिटं पुरे, आणि शेवटी लोकांना स्पष्ट सांगा की आईसाठी प्रार्थना करा.

काकूचं मात्र माइकवर नको. झाकायचं म्हणून नाही, ती गोष्ट काकूचीही आहे आणि त्यांना भर चर्चमध्ये माना वळवून बघितलेलं सोसणार नाही. पण अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे न्यायला काकूंना सांगा, बाबांच्या बरोबरीने. गावाला सगळं कळतं, बोलायची गरजच पडणार नाही. आणि बाबांनाही काहीतरी करायला मिळेल, आपण सगळे आईच गेली म्हणतो, त्यांची बायको गेलीय हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

मुलाचं मला जास्त लागलं. मोनिकाने प्राण सोडला तेव्हा तिचा नातू अदेओदातुस मोठ्याने रडला आणि मोठ्यांनी त्याला गप्प केलं, ऑगस्टीननेही स्वतःचे डोळे कोरडे ठेवले, आणि दफनानंतर झोपून उठल्यावर एकटा असताना मग रडला. तुमच्या पोराला गप्प करू नका. आजीचं नाव रोज काढा, रडला तर रडू द्या, आणि संध्याकाळच्या रोझरीतलं एक रहस्य (एक टप्पा) त्याला पुढे होऊन म्हणू द्या, दहा 'नमो मारिया' म्हणताना चुकला तरी चालेल, आजीनेच शिकवल्यात ना.

फ्लेक्सचे पैसे पॅरिशच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला द्या असं मी भावाला सुचवेन, आईच्या नावाने एखाद्या घरात महिन्याचं रेशन जाईल. मिस्साच्या देणगीवरून घरात वाद होत असेल तर तोही सोडा, ती किंमत नसते, कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, 945 व्या कलमात तर गरजूंसाठी काही न घेताही मिस्सा करावी असं धर्मगुरूंना सांगितलंय. आणि 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सेमेटरीत जालच, पण 1 ते 8 नोव्हेंबर हे आठही दिवस तिथे जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर त्यांच्यासाठी पूर्ण दंडमुक्ती (क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षा माफ होणं) मिळवता येते, त्यासाठी कन्फेशन (फादरांपाशी पापांची कबुली), कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना लागते. एखाद्या दिवशी काकूंनाही बरोबर घ्या. नोव्हेंबरात आपल्या माणसासाठी मिस्सा मागणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा आईचं नाव पॅरिश ऑफिसात आत्ताच देऊन ठेवा.